रामायणाचा शनिवार

आमच्या भागात फायबर आणलं ते पंचगंगेनं. मी निमित्तमात्र.

कोल्हापुरात शुक्रवार पेठ, गंगावेश आणि वर उत्तरेश्वर पेठेचा काही भाग, एवढ्या टापूत माझी केबल आहे. नव्वदच्या दशकात दुसऱ्याच्या हाताखाली छपरांवरून वायरी ओढायला लागलो आणि पुढं तोच धंदा माझा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. तिथं ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात, म्हणजे काय झालं असेल त्याचा अंदाज करा. जामदार क्लबच्या बाजूची घरं बुडाली आणि त्यांच्याबरोबर माझा निम्मा पसारा बुडाला.

हा पसारा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुनी तांब्याची काळी केबल लांब नेली की सिग्नल थकतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर लावावा लागतो, आम्ही त्याला नुसतं ॲम्प म्हणतो. ॲम्पला वीज लागते, आणि ती वीज आम्ही गल्लीतल्याच एखाद्या घरातून घेतो. बदल्यात त्या घराला केबल फुकट. लिहापढी काही नाही, सगळा तोंडी कारभार. त्या घरातल्या कुणी मेन स्विच पाडला की पुढच्या सगळ्या गल्लीचे टीव्ही बंद.

पाणी उतरल्यावर आम्ही ॲम्प खोलले तर आतून गाळ निघाला. परत तसेच ॲम्प बसवायचे म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. फायबरचं तसं नाही. आत काच, काचेतून उजेड जातो, वाटेत कुठं विजेची गरज नाही. जॉइंटचा डबा नीट बंद केलेला असला तर वरनं पुराचं पाणी गेलं तरी तिला त्याचं काही नाही. पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि खालच्या अंगाला सगळीकडं फायबर टाकून घेतली. वर उत्तरेश्वरकडं पाणी पोहोचलंच नव्हतं, तिथले ॲम्प धडधाकट होते, मग तिथं कशाला पैसा घालायचा? त्यामुळं गंमत अशी झाली की जे बुडाले त्यांना नवी लाइन मिळाली आणि जे कोरडे राहिले ते जुन्यावरच राहिले.

एका फायबरमधून टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही जातं. टीव्हीचा उजेड वेगळ्या तरंगलांबीचा, नेटचा वेगळा, एकमेकांच्या पायात येत नाहीत. तेव्हा नेटही विकावं असं मनात होतं. पण घ्यायला कोण तयार? २०१६ पासून लोकांच्या हातात स्वस्त डेटा आला होता. ‘मोबाईलमध्ये हाय की नेट, घरात आणि कशाला?’ हे उत्तर मी इतक्या दारांत ऐकलं की पुढं पुढं मीच ते आधी म्हणून टाकायचो. दोन-चार दुकानं, एक सीए, एक दवाखाना आणि थोडी हौशी पोरं, एवढेच गिऱ्हाईक. महिन्याला बँडविड्थचं, म्हणजे बाहेरून घाऊक घेतलेल्या नेटचं, बिल भरताना पोटात गोळा यायचा.

मग मार्च २०२० आला.

तारखा सगळ्यांना पाठ आहेत, तरी धंद्याच्या बाजूनं सांगतो. १९ मार्चपासून मालिकांचं शूटिंग थांबलं. इथं वसगड्यात एका मालिकेमुळं माणसांची जत्रा भरायची, तिथंही शांत झालं. चॅनलवाल्यांकडं शिल्लक भाग होते ते आठ-दहा दिवसांत संपणार हे उघड होतं. २२ ला जनता कर्फ्यू झाला. २५ ला पाडवा, आणि त्याच दिवसापासून टाळेबंदी. केंद्राच्या नियमावलीत इंटरनेट, प्रसारण आणि केबल यांना सूट होती, त्यामुळं आम्हाला पास मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला अत्यावश्यक म्हटलं होतं. एरवी आमची ओळख म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा राहणारा माणूस.

शुक्रवारी, २७ तारखेला, माहिती व प्रसारण मंत्र्यांनी जाहीर केलं की उद्यापासून दूरदर्शनवर रामायण परत लागणार. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मला वाटलं, बघतील म्हातारी माणसं.

शनिवारी सकाळी साडेसहाला फोन सुरू झाले. तक्रार एकाची नव्हती. प्रश्न एकच: ‘ते रामायण कितव्या नंबरला हाय?’ दूरदर्शनचे चॅनल प्रत्येक पॅकमध्ये सक्तीनं द्यावे लागतात, म्हणजे डीडी नॅशनल सगळ्यांच्या बॉक्समध्ये कायमचं होतं. पण वर्षानुवर्षं तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. निम्मी माणसं सह्याद्री लावून बसली होती. मी नंबर सांगून सांगून थकलो, शेवटी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. त्यावर एका काकींचा फोन आला की गटावर नंबर टाकलाय म्हणतात, तो गट कुठं असतो?

सव्वाआठला उत्तरेश्वरच्या एका गल्लीतून फोन. ‘दादा, सगळी गल्लीच काळी झाल्या बघा. एक बी टीव्ही लागंना.’ पाठोपाठ त्याच गल्लीतून आणखी पाच-सहा. गल्ली जुन्या लाइनवरची. मी आणि माझा हाताखालचा पोरगा, दोघं गाडीवर निघालो. रस्त्यात चिटपाखरू नाही. गंगावेशीत, जिथं पहाटे म्हशी आणून ताज्या दुधाच्या धारा काढून देतात, तिथंही सगळं आवरलेलं. पुढं नाक्यावर हवालदारांनी काठी आडवी केली.

‘कुठं निघालायसा?’

‘केबलचा हाय साहेब. वरच्या गल्लीची लाइन गेल्या.’

‘मग हितं काय उभा राहिलायसा? नऊ वाजायला आल्यात. जावा की!’

पास खिशातच राहिला.

गल्लीत पोचलो तर लोक दारादारांत उभे, तोंडाला रुमाल बांधून. ॲम्प होता एका दुमजली घराच्या जिन्यात. दाराला कुलूप. घरातली माणसं पाडव्याच्या आधीच पुण्याला लेकीकडं गेलेली आणि तिथंच अडकलेली. जाताना, शहाण्या माणसासारखं, मेन स्विच पाडून गेली होती. मग इतके दिवस टीव्ही कसे चालले? तर जिन्याची लाइट शेजारच्या भाडेकरूच्या मीटरवर होती आणि ॲम्प त्या लाइनीवर चालत होता. तो भाडेकरू आदल्या रात्री कशीबशी गाडी मिळवून गडहिंग्लजला गेला आणि जाताना त्यानंही आपला स्विच पाडला. मालकांना फोन लावला. ते म्हणाले किल्ली माझ्याजवळच आहे, कुलूप तोडू नका.

समोरच्या घराच्या कट्ट्यावर एक आबा बसले होते. धोतर, टोपी, कपाळाला गंध. ‘सातला आंघोळ करून बसलोय,’ ते म्हणाले, ‘आन तुमचं ह्ये असं.’ १९८७ साली पहिल्यांदा रामायण लागलं तेव्हा या गल्लीत एकाच घरात टीव्ही होता, तो आबांकडं. सगळी गल्ली रविवारी त्यांच्या सोप्यात बसायची. आज परत सगळे त्यांच्याकडंच बघत होते, आणि आबा माझ्याकडं.

उपाय एकच सुचला. खालच्या अंगाची फायबर या गल्लीच्या तोंडापासून फार लांब नव्हती. कोपऱ्यावरच्या खांबाला आमचा जॉइंटचा डबा होता आणि त्यात दोन-तीन मोकळे कोअर, म्हणजे काचेचे धागे, होते. तिथून ड्रॉप केबल (घरापर्यंत नेतात ती बारीक फायबर) ओढून आबांच्या गच्चीवर आणायची, तिथं छोटा नोड बसवायचा (फायबरमधल्या उजेडाचा परत टीव्हीचा सिग्नल करणारी डबी), आणि तो सिग्नल गल्लीच्या जुन्या तांब्याच्या केबलमध्ये सोडायचा. कुलूपबंद ॲम्पची गरजच नाही. नोडला वीज मात्र आबांच्या घरातली.

‘किती जाईल लाइट?’ आबांनी विचारलं.

‘मोबाईल चार्ज केल्यागत. आन केबल तुम्हाला फुकट.’

‘लाव मग.’

पोरगा कौलांवरून केबल घेऊन निघाला. मार्चमधलं ऊन, मंगलोरी कौलं, आणि खाली तीसेक माणसं माना वर करून सूचना देणारी. मी खांबाजवळ स्प्लायसिंग मशीन उघडून बसलो. फायबरचं टोक सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, काटकोनात तोडायचं आणि मशीनमध्ये धरायचं. आत विजेची ठिणगी दोन्ही टोकं वितळवून एक करते. डोक्याच्या केसाएवढी जाड ती काच. त्या दिवसांत स्पिरिट म्हटलं की लोकांना सॅनिटायझर आठवायचं, दोन बायका हात पुढं करून थेंबभर मागून गेल्या. आबांच्या गच्चीवर मी थेट नोड न लावता आधी एकाला आठ करणारा स्प्लिटर टाकला, पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून. मीटर लावून बघितला, उजेडाची पॉवर बरी दिसली. नोड लावला, जुन्या केबलचा कनेक्टर त्यात फिरवला.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. एका घरातून आवाज आला, मग दुसऱ्या, मग सगळीकडून एकच. खालून कुणीतरी ओरडलं, ‘आलं!’ पहिली वीस मिनिटं गेली म्हणून आबा दोन दिवस माझ्यावर रुसून होते, तो भाग वेगळा.

खरी गोष्ट पुढं आहे.

कामाच्या नादात मी फोन बघितला नव्हता. आता नेटच्या राउटरचा आलेख उघडला. किती गिऱ्हाईक किती डेटा ओढतायत त्याची ती रेघ असते. टाळेबंदीच्या आधी ही रेघ कशी असायची तर दिवसभर सपाट, संध्याकाळी सातनंतर चढ, रात्री नऊ ते अकरा शिखर, बारानंतर उतार. टाळेबंदीच्या तीन दिवसांत तो आकारच मोडला होता. सकाळी नऊ-दहाला जी चढायची ती मध्यरात्रीपर्यंत वरच. पण त्या शनिवारी सकाळी नऊला तिला खड्डा पडलेला. सरळ निम्म्यावर. पोरगा घाबरला. ‘दादा, वरनं लाइन तुटली काय?’ मलाही क्षणभर तसंच वाटलं. पिंग करून बघितलं, लाइन उत्तम. लोकच नेटवर नव्हते. ज्यांच्याकडं नेट होतं ती तरुण पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवून आजी-आजोबांबरोबर सोप्यात बसली होती.

दहाला भाग संपला आणि रेघ उभी वर गेली, तारेवर चढवल्यासारखी. एवढी चढ मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

आबांच्या घरात चहा झाला (मी उंबऱ्याबाहेर, कप स्टीलचा, नंतर घासून घ्यायला सोपा). त्यांचा नातू दहावीचा. त्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता तो पुढं ढकललेला. अभ्यास करावा की सोडून द्यावा हे त्या पोराला कळत नव्हतं. पुढं तो पेपर रद्दच झाला, पण ते एप्रिलमध्ये. नोडकडं बघत तो म्हणाला, ‘काका, ह्याच वायरीतनं नेट बी येतं न्हवं?’

येतं. स्प्लिटरची सात टोकं रिकामीच होती.

त्याच्या आईनं आतून सांगितलं, ‘नको गं बाई, आधीच ह्याचं डोकं त्या मोबाईलमध्ये.’ आणि मग लगेच, आवाज खाली आणून, ‘पण भाऊ, महिन्याला किती पडतं?’ त्या एका शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी विचारलं होतं की मुलांना घरी काही पाठवता येईल का.

त्या दिवशी मी दोन-दोन गोष्टी एकाच वहीत लिहीत होतो. डाव्या पानावर केबलच्या तक्रारी, उजव्या पानावर ‘नवीन नेट पाहिजे’. सकाळी डावं पान भरत होतं. दुपारी दोनपासून उजवं भरायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत उलटून पुढच्या पानावर गेलं. जे मला चार महिने ‘मोबाईलमध्ये हाय की’ म्हणत होते तेच फोन करत होते. मी प्रत्येकाला विचारत होतो, अचानक काय झालं? कुतूहल म्हणून कमी, आणि कुणाला आधी द्यायचं ते ठरवायचं म्हणून जास्त.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. सिनेमा बघायचाय, वेब सिरीज बघायचीय असं सरळ कुणीच म्हणालं नाही. मोबाईलचा रोजचा दीड जीबी दुपारी बारालाच संपतो, हे पहिलं उत्तर. एरवी तो दीड जीबी रात्रीपर्यंत पुरायचा, कारण माणूस दिवसभर कामावर असायचा. दुसरं, पुण्याहून परत आलेली आयटीतली पोरं. लॅपटॉप घेऊन आली होती आणि माळ्यावर, खिडकीच्या गजाशी मोबाईल धरून मीटिंग करत होती. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते एका वहिनींनी सांगितलं: ‘घरात टीव्ही एक, माणसं सात. पूर्वी सातजण कधी एकदम घरात असायचीच नाहीत.’

टीव्हीचा हा हिशोब मी इतकी वर्षं धंदा करून कधी मांडला नव्हता. सासऱ्यांना सकाळी बातम्या, बायकांना दुपारी मालिका, पोरांना शाळेतून आल्यावर कार्टून, नवऱ्याला रात्री क्रिकेट. घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या पाळीत येऊन टीव्ही बघून जायचं. एका टीव्हीवर अख्खं कुटुंब भागत होतं ते घर दिवसभर रिकामं असायचं म्हणून. टाळेबंदीनं सगळ्या पाळ्या एकदम भरल्या. त्यात मालिकांचे जुने भाग, क्रिकेट बंद, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर थांबलेला, टॉकीजना कुलपं. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली असं जे नंतर बोललं गेलं ते मला पटत नाही. आवड तीच होती. बसायला जागा उरली नव्हती.

माझ्याकडं घरात लावायची नेटची डबी, म्हणजे ओएनयू, मोजक्याच शिल्लक होत्या. हा माल बहुतेक चीनमधून यायचा आणि तिकडचे कारखाने फेब्रुवारीपासूनच विस्कळीत. शाहूपुरीतली दुकानं बंद. जेवढ्या होत्या त्या मी आधी एका डॉक्टरीणबाईंना दिल्या, मग घरून काम करणाऱ्या तिघांना. एक आबांच्या सुनेला, शिक्षिका म्हणून. त्या डबीवर रात्री काय चालणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण कारण सांगायला चांगलं होतं.

संध्याकाळी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर असलेल्या मित्राचा फोन आला. याला मी प्रिंटच्या लोखंडी पेट्या रिक्षातून उतरवून घेताना बघितलंय, आणि नंतर त्या पेट्या जाऊन डिजिटल मशीन आलं तेही. तो विचारत होता, पास कसा मिळतो? टॉकीज बंद, तरी त्याला जायचं होतं, कारण डिजिटल प्रोजेक्टर दीर्घकाळ बंद ठेवला तर आतली सुरक्षेची बॅटरी उतरते आणि मग मशीन चित्रपटाचं कुलूप उघडायला नकार देतं. म्हणून अधूनमधून जाऊन रिकाम्या हॉलमध्ये मशीन चालू करून ठेवायचं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘आन हो, माझ्याकडं बी एक नेट लाव. पोरं जीव खायला लागल्यात.’ मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावातला टॉकीजचा ऑपरेटर. मी त्याचंही नाव उजव्या पानावर लिहिलं.

रात्री नऊचा भाग. मी कंट्रोल रूममध्ये आलेखासमोर बसलो होतो, मुद्दाम. सकाळसारखा खड्डा पडणार, थोडी उसंत मिळेल, तेवढ्यात दोन डाळभाताचे घास खाऊ असा बेत होता.

खड्डा पडला नाही. रेघ नऊला होती तिथंच राहिली, आणि साडेनऊला आणखी चढली. डीडी नॅशनल गल्लीगल्लीत चालूच होतं, मी खिडकीतून ऐकत होतो. म्हणजे सोप्यात रामायण चालू, आणि त्याच घरात आतल्या खोलीत, माळ्यावर, जिन्यात मोबाईल आणि लॅपटॉप. सकाळी नवलाई होती म्हणून सगळे एकत्र बसले. रात्रीपर्यंत वाटण्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी पुन्हा थोडा खड्डा पडला, सोमवारी जेमतेम, नंतर काहीच नाही.

त्या आठवड्यात सगळीकडं बोललं जात होतं की टीव्ही परत आला, केबलवाल्यांचे दिवस फिरले. मित्र फोन करून अभिनंदन करत होते. पुढं १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक होते असं दूरदर्शननं जाहीर केलं. आकडा खरा-खोटा त्यांचं त्यांना माहीत, पण त्या दिवसांत डीडीला माणूस होता यात शंका नाही. मी मात्र त्या शनिवारी रात्रीच धास्तावलो होतो, आणि धास्ती दुहेरी होती.

एक म्हणजे नेट कोसळणार होतं. केबलला किती माणसं बघतायत याचं काही ओझं नसतं. रामायण एका घरानं बघा नाहीतर सगळ्या पेठेनं, माझ्याकडून जाणारा सिग्नल तोच. नेटवर प्रत्येकाचं ताट वेगळं वाढावं लागतं. दोघं शेजारी बसून तोच सिनेमा आपापल्या मोबाईलवर बघत असले तरी तो माझ्याकडून दोनदा जातो. आम्ही जी बँडविड्थ पुण्याहून विकत घेतो ती सगळे एका वेळी जेवायला बसणार नाहीत या भरवशावर घेतलेली असते. सगळ्यांना घरी कोंडल्यावर तो भरवसा संपला. २४ मार्चला मोठ्या डिजिटल कंपन्यांनी मिळून ठरवलं होतं की मोबाईल नेटवर्कवर एचडी बंद, ४८० पी पेक्षा वर जायचं नाही, तेही याच कारणानं. त्यामुळं मोबाईलवर चित्र धूसर झालं आणि लोक म्हणाले, मग घरातलंच घेऊ. म्हणजे एकीकडची गर्दी कमी करायला केलेली सोय माझ्या दारात गर्दी करून गेली. रात्री अकराला पुण्याच्या माणसाला फोन करून बँडविड्थ वाढवून मागितली. तो म्हणाला, ‘तुमच्यासारखे सकाळपासून किती फोन आले सांगू?’ मिळाली, पण वाट बघायला लावून.

दुसरी धास्ती केबलची. त्या रात्री सोप्यातल्या टीव्हीसमोर कोण होतं आणि आतल्या खोलीत कोण होतं याचं वय मला दिसत होतं.

रामायण १८ एप्रिलला संपलं, दुसऱ्या दिवसापासून उत्तर रामायण लागलं, तेही मेमध्ये संपलं. जुलैच्या मध्याला मालिकांचे नवे भाग आले. तोवर माझ्या यादीत एक नवीनच प्रकार सुरू झाला होता. केबल बंद करा असं कुणीही म्हणत नव्हतं. रिचार्ज करायचं राहून जात होतं. फोन केला की, ‘हां हां, करूया की, पुढच्या महिन्यात.’ बॉक्सवर क्रोशाचा रुमाल तसाच. जूनमध्ये मोठे हिंदी सिनेमे टॉकीज सोडून थेट मोबाईलवर यायला लागले होते. नोव्हेंबरच्या ५ तारखेला सरकारनं निम्म्या खुर्च्यांवर टॉकीज उघडायला परवानगी दिली तेव्हा माझा ऑपरेटर मित्र हसला. मशीन त्यानं जपून तयार ठेवलं होतं, पण लावायला नवा सिनेमाच नव्हता.

नेटनं तोवर केबलचं नुकसान भरून काढलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. केबलवाला म्हणून रडगाणं गायचा मला हक्क नाही. ज्यांनी फायबर टाकली नव्हती असे माझे दोघे जुने सोबती त्या वर्षात धंदा सोडून बसले. त्यांच्या भागात पूर आला नव्हता, एवढाच फरक.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं, २०१९ पेक्षाही वर चढलं. वीज तोडल्यावर घरातलं नेट बंद पडलंच, त्याला इलाज नाही. पण पाणी ओसरून वीज आली त्या दिवशी तासाभरात खालच्या अंगाची सगळी लाइन जिवंत झाली. एकही ॲम्प बदलायला लागला नाही, कारण एकही उरला नव्हता. आणि एक बदल जाणवला. २०१९ ला लोक पाण्याची पातळी बघायला स्थानिक केबल चॅनल लावायचे, आम्हाला फोन करायचे की चॅनल चालू ठेवा. या खेपेला तीच चॅनलवाली पोरं पुलावरून थेट मोबाईलवर दाखवत होती आणि नातेवाइकांकडं गेलेली आमची माणसं तिथूनच बघत होती. केबलचा फोन एकही आला नाही.

उत्तरेश्वरच्या त्या गल्लीत आता सगळी फायबर आहे. कुलूप लावून गेलेले मालक परत आले, त्यांच्या जिन्यातला ॲम्प मी काढून नेला आणि त्यांची फुकट केबल बंद झाली, त्यावरून त्यांच्याशी थोडं वाजलंही. नोड अजून आबांच्या गच्चीवर आहे, कारण गल्लीत तीन-चार घरं अजून जुन्या बॉक्सवर आहेत. आबा स्वतः आता टीव्हीला नेट जोडून यूट्यूबवर कीर्तनं बघतात, नातवानं शिकवलंय. बटण न दाबता रिमोटमध्ये बोलून कीर्तनकाराचं नाव सांगतात आणि चुकीचं लागलं की त्या रिमोटलाच दोन शब्द सुनावतात.

परवा नेटचं बिल मागायला गेलो तर म्हणाले, बिल कसलं? नोड माझ्या घरात, लाइट माझी.

मी म्हटलं, ‘आबा, ठरलं होतं ते केबल फुकट द्यायचं. केबल फुकटच हाय की तुम्हाला.’

‘ती बघतंय कोण?’

बराच वेळ घासाघीस झाली. सूनबाई मध्ये पडल्या. शेवटी नेटच्या निम्म्या बिलावर मिटलं, आणि आबांनी अट घातली की नोडची वीज ते सोडणार नाहीत, पण मी गच्चीवर चढताना कौल फुटलं तर भरून द्यायचं. मी हो म्हटलं. दोन कौलं आधीच फुटलेली आहेत, ती कुणाच्या खात्यावर ते अजून ठरायचंय.